उष्ट्या वाऱ्याच्या मागावर

दिवस पहिला : मिडलग्रुंडेन

ताईला मी सांगितलं होतं की आपण वारा बघायला चाललोय. ती "बरं" म्हणाली. अख्खी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात गेलेल्या बाईच्या "बरं"चा अर्थ "आधी फळ्यावर करून दाखव" असा असतो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

माझं रोजचं काम पवनचक्क्यांच्या आकड्यांशी. दर दहा मिनिटांनी प्रत्येक चक्कीकडून एक ओळ येते: वाऱ्याचा वेग, दिशा, वीज, नॅसेलचं तोंड कुठं आहे. नॅसेल म्हणजे खांबाच्या डोक्यावरची ती पेटी. पुढच्या चक्कीच्या ओळीत बाराशे किलोवॅट आणि तिच्याच पाठीमागे उभ्या असलेल्या चक्कीच्या ओळीत सातशे, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता त्याचं काहीच वाटत नाही. कारणही माहीत आहे. पुढची चक्की वाऱ्यातली ताकद काढून घेते, मागे उरतो तो मंदावलेला, भोवऱ्यांनी भरलेला वारा. ऑफिसात आम्ही त्याला "वेक" म्हणतो. पण हा वेक मी डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. म्हणून सहा दिवसांची रजा टाकली आणि डेन्मार्क गाठलं. वेकचं पहिलं गाजलेलं गणित इथलं, आणि त्याचा सगळ्यात प्रसिद्ध फोटोही इथलाच.

कोपनहेगनला रेफ्शालेओनच्या धक्क्यावर उभं राहिलं की पूर्वेला समुद्रात वीस चक्क्यांची कमान दिसते. हे मिडलग्रुंडेन, साल २०००, प्रत्येक चक्की दोन मेगावॅटची. मूळ आराखडा तीन रांगांत सत्तावीस चक्क्यांचा होता. लोकांनी हरकती घेतल्यावर एकाच वळणदार ओळीत वीस, असं ठरलं. दिसायला देखणी आहे, वाद नाही. पण रोटरचा, म्हणजे पात्यांच्या चक्राचा, व्यास ७६ मीटर आणि दोन चक्क्यांमधलं अंतर जेमतेम १८० मीटर, म्हणजे अडीच व्याससुद्धा नाही. आमच्या धंद्यात पाच ते सात व्यास सोडायची रीत आहे, समुद्रात त्याहूनही जास्त.

"मग इतक्या चिकटून का लावल्या?"

"इथला वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा. ओळ उत्तर-दक्षिण. वारा आडवा आला की सगळ्यांना ताजा मिळतो."

"आणि दक्षिणेचा आला तर?"

त्या दिवशी दक्षिणेचाच होता. आम्ही सायकली घेतल्या आणि आमागरच्या किनाऱ्यावर गेलो. जसजसं दक्षिणेला जावं तसतशी ती कमान दाटत जाते. शेवटी चक्क्या एकीमागे एक अशा येतात की पात्यांची जाळी होते. ताईने मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं. पहिल्या चक्कीच्या फेऱ्या मोजल्या, मग तिसरीच्या, मग पाचवीच्या.

"सगळ्या सारख्याच फिरतायत. कुठाय तुझा वेक?"

मी जरा ओशाळलो. ही जुन्या पिढीतली यंत्रं आहेत, त्यांची फिरण्याची गती दोनच पायऱ्यांवर ठरलेली. वारा कमी झाला तरी त्या पायरीवर पातं तेवढ्याच गतीने फिरतं. कमी होतो तो जोर, आणि जोर किनाऱ्यावरून दिसत नाही, मीटरवर दिसतो. शिवाय वीज वाऱ्याच्या वेगाच्या घनाने बदलते. वेग दहा टक्के घटला तर वीज सत्तावीस टक्के घटते. वेग वीस टक्के घटला की वीज निम्म्यावर.

"म्हणजे पुढची जेवून उठली आणि मागचीला उष्टं मिळालं," ताई म्हणाली. "उष्टा वारा." मी गेली कित्येक वर्षं या गोष्टीला मराठी शब्द शोधत होतो.

संध्याकाळी वाळूत बसून तिला चक्कीची अक्कल समजावून सांगितली, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. नॅसेलच्या पाठीवर, रोटरच्या मागे, एक छोटा वातकुक्कुट असतो. तो दिशा सांगतो, पण पात्यांनी घुसळलेल्या वाऱ्यात बसून सांगतो, त्यामुळे त्याच्या सांगण्यात थोडी खोट असतेच. चक्की लगेच वळत नाही. दिशा खरंच बदलली का, याची वाट बघते, कारण सारखं वळलं की दातेरी चक्र झिजतं. मग मोटरी तिला हळूहळू वळवतात, सेकंदाला अर्धा अंशसुद्धा नाही. खांबातून खाली जाणाऱ्या केबलला किती पीळ बसला याचाही हिशेब ती ठेवते. काही वेढे झाले की थांबते आणि उलटी फिरून पीळ काढते. एवढं सगळं करते ते फक्त एका गोष्टीसाठी: आपलं तोंड नेमकं वाऱ्याकडे असावं. पाठीमागे कोण उभं आहे, याची तिला दखलच नाही.

आता कल्पना अशी की पुढच्या चक्कीला मुद्दाम वीसेक अंश तिरकी उभी करायची. तिरका रोटर वाऱ्याला थोडा बाजूला ढकलतो, आणि त्याचा वेक मागच्या चक्कीवर न आदळता तिच्या कडेने निघून जातो. पुढचीचं थोडं नुकसान, मागचीचा जास्त फायदा, बेरीज वर.

"या वीस चक्क्या कुणाच्या?" ताईने विचारलं.

उभारल्या तेव्हा दहा सहकारी संस्थेच्या होत्या, हजारो सभासदांच्या, आणि दहा शहराच्या वीज कंपनीच्या.

"मग वाकायचं कुणी?"

प्रश्न तंत्राचा वाटत नाही, पण माझ्या अनुभवात अशा बैठका याच प्रश्नावर अडतात. वारा दक्षिणेचा असला की एका मालकाच्या चक्क्या वाकणार, उत्तरेचा असला की दुसऱ्याच्या. वर्षाअखेर कुणी कुणाला किती दिलं हे काढायचं म्हणजे "न वाकता किती झाली असती" हा आकडा हवा, आणि तो कुठल्याच मीटरवर उमटत नाही.

दिवस दुसरा : रिसो

रॉस्किल्डजवळ खाडीच्या काठावर रिसो आहे. १९५८ साली अणुसंशोधन केंद्र म्हणून याचं उद्घाटन झालं आणि नील्स बोर यांचा त्यात मोठा वाटा होता. हवेत काही निसटलं तर ते कुठं वाहत जाईल हे कळायला हवं, म्हणून अणुभट्ट्यांच्या सोबतीला हवामानाचा उंच मनोरा उभा राहिला. पुढे भट्ट्या बंद झाल्या आणि वाऱ्याचं ज्ञान मागे उरलं. १९७८ पासून इथं पवनचक्क्यांची चाचणी सुरू झाली. आता ही जागा डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठाकडे आहे.

आम्ही आत गेलो नाही. बाहेरून मनोरा पाहिला, खाडीच्या कडेने चाललो आणि एका बाकावर वही उघडली. १९८३ साली इथल्या एन. ओ. येन्सन यांनी एक लहानसं टिपण लिहिलं, विषय चक्क्यांचा एकमेकींवर होणारा परिणाम. जगभरच्या पवन प्रकल्पांनी पुढची कित्येक वर्षं ज्या गणितावर जागा आखल्या ते हेच, आणि ते बाकावर बसून पेन्सिलीने सुटतं.

ताईला मी फक्त दोन नियम सांगितले. पहिला, आदर्श चक्कीच्या लगेच मागे वाऱ्याचा वेग दोन-तृतीयांशाने पडतो. हे आल्बर्ट बेट्झ यांच्या सिद्धांतातून येतं. वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांहून जास्त ताकद कुठल्याच चक्कीला काढता येत नाही, ही त्यांचीच मर्यादा. दुसरा नियम, हा वेक शंकूसारखा पसरतो: दर दहा मीटरला त्रिज्या एक मीटरने वाढते. पसरला की पातळ होतो, त्रिज्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने.

तिने कालची चक्की घेतली. त्रिज्या ३८. १८० मीटरवर शंकूची त्रिज्या ३८ अधिक १८, म्हणजे ५६. भागाकार ०.६८, वर्ग ०.४६, त्याचे दोन-तृतीयांश ०.३१. म्हणजे वारा उरला ६९ टक्के. घन केला आणि पेन्सिल थांबली.

"०.३३. एक-तृतीयांश वीज? काल त्या सगळ्या इतक्या झोकात फिरत होत्या!"

मला इथं तिला थोडं आवरावं लागलं. हे गणित लांबच्या अंतरासाठी आहे. अडीच व्यासावर वेक अजून नीट जमलेलाच नसतो, पात्यांच्या टोकांचे भोवरे तुटलेले नसतात, त्यामुळे इतक्या जवळ हा आकडा शब्दशः धरू नये. पण नुकसान मोठं आहे, हे खरं.

मग तिने हॉर्न्स रेव्ह या समुद्रातल्या प्रकल्पाची आकडेमोड केली, जो बघायला आम्ही दोन दिवसांनी जाणार होतो. त्रिज्या ४०, अंतर ५६०, म्हणजे सात व्यास. वारा ८८ टक्के, वीज ६९ टक्के. सात व्यास सोडूनही तीस टक्के जातात, हे तिला पटेना. तिला म्हटलं, खरी गोष्ट याहून वाईट आहे. समुद्राचा पृष्ठभाग गुळगुळीत, वर हवेची घुसळण कमी, त्यामुळे तिथं शंकू इतका पसरत नाही. दहा मीटरला एक मीटर हे जमिनीवरचंही उदार माप आहे. समुद्रावर त्याच्या निम्मं धरतात, आणि वेक लांबवर तसाच घट्ट राहतो.

येन्सन यांचा वेक टोपीसारखा आहे: आत सगळीकडे वेग सारखा, कडेला एकदम संपतो. खरा वेक असा नसतो हे त्यांनाही ठाऊक असणार. तरी मला हे टिपण फार आवडतं. एका माणसाने काय काय सोडून द्यायचं हे इतकं नीट ठरवलं की उरलेलं बाकावर सुटतं.

त्यात तिरक्या चक्कीला मात्र जागा नाही. ते गणित नंतरचं, अमेरिकेतली एनआरईएल प्रयोगशाळा आणि नेदरलँड्सचं डेल्फ्ट विद्यापीठ यांनी ते पुढे नेलं. चक्की वीस अंश तिरकी केली तर सात व्यासांवर वेकचा मध्य साधारण व्यासाच्या तिसऱ्या हिश्शाइतका सरकतो. तो नुसता सरकतही नाही. तिरक्या रोटरमुळे वर आणि खाली उलट दिशेने फिरणारे दोन मोठे भोवरे तयार होतात आणि गोल वेकला दाबून मूत्रपिंडासारखा आकार देतात. गंमत म्हणजे हे भोवरे दुसऱ्या चक्कीपाशी संपत नाहीत. दुसरी सरळ उभी असली तरी तिचाही वेक ते थोडा ढकलतात. त्यामुळे लांब रांगेत पहिलीने जास्त वाकावं आणि पुढच्यांनी क्रमाने कमी, असं उत्तर निघतं.

ताईने वहीच्या कोपऱ्यात मूत्रपिंड काढलं आणि खाली प्रश्नचिन्ह.

दिवस तिसरा : प्रवास

आगगाडीने पश्चिमेला. स्टोरेबेल्टच्या समुद्राखालच्या बोगद्यातून गाडी स्प्रोगो बेटावर वर आली तेव्हा उत्तरेला पाण्यात सात चक्क्या एका ओळीत दिसल्या आणि मिनिटाभरात गेल्या. ताई झोपली होती. उठवलं नाही.

एस्बियरच्या बंदरावर पाती रचून ठेवलेली होती, नांगी मुडपलेल्या किड्यांसारखी. जवळ गेल्यावरच त्यांची लांबी कळते.

दिवस चौथा : ब्लोवन, धुकं

१२ फेब्रुवारी २००८ च्या सकाळी हॉर्न्स रेव्हवरून एक हेलिकॉप्टर जात होतं. त्यातून क्रिस्तियान स्टायनेस यांनी काढलेले फोटो वाऱ्याच्या धंद्यातल्या प्रत्येकाने पाहिलेले आहेत. खाली समुद्र, पुढच्या रांगेपर्यंत हवा स्वच्छ, आणि प्रत्येक चक्कीच्या पाठीमागे पांढऱ्या धुक्याची लांब शेपटी. मागे मागे शेपट्या एकमेकींत मिसळत जातात. थंड, दमट हवा तुलनेने कोमट पाण्यावरून वाहत होती, धुकं धरायच्या अगदी काठावर होती. रोटरनी खालची कोमट ओलसर हवा आणि वरची थंड हवा घुसळून एक केली, आणि तिथंच पाणी धरलं. वेक आपण होऊन दिसला. अभ्यासकांनी त्या एका सकाळवर अख्खा शोधनिबंध लिहिला.

तो फोटो माझ्या डेस्कवर आहे. आणि आज, तो जिथं काढला त्याच्या समोर, ब्लोवनच्या किनाऱ्यावर, मी धुक्यात उभा होतो. चक्क्या चौदा किलोमीटरवर. मला दीपगृहसुद्धा दिसत नव्हतं.

"धुकं हवं होतं ना तुला?" ताई म्हणाली.

दुपारपर्यंत काहीच हललं नाही. वारा मात्र होता, हलका, एका लयीत वाहणारा. ताईने पिशवीतून जाड कागद काढला आणि दोन भिरभिरी केली. वीतभर रुंद, मधे टाचणी, काठी म्हणून पेन्सिल. शाळेतल्या बाईच्या हाताला ते विसरत नाही. प्रत्येकाच्या एका पाकळीवर लाल पेनने ठिपका दिला. एक भिरभिरं वाळूत रोवलं, त्याच्या बरोबर मागे तीन विती सोडून दुसरं. फेऱ्या डोळ्यांनी मोजता येईनात, म्हणून मोबाइलवर हळू गतीचं चित्रण केलं आणि मग पडद्यावर ठिपका मोजला.

दहा सेकंदांत पुढचं ४१, मागचं २३.

मी आनंदाने जवळजवळ ओरडलो. तीन दिवसांत पहिल्यांदा उष्टा वारा डोळ्यांसमोर होता, कागदाचा का असेना. मग पुढची पेन्सिल थोडी फिरवली, तिरकी. पुढचं ३५, मागचं २७.

"चौसष्टचे बासष्ट झाले," ताई म्हणाली. "तोटा."

फेऱ्यांची बेरीज म्हणजे वीज नव्हे, असं काहीतरी मी पुटपुटलो, ते खरंही होतं. पुन्हा चित्रण केलं. तिरकं ठेवूनच, पुढचं ३७, मागचं ३३. सत्तर! मी म्हटलं, बघ. तिने काही न बोलता पुढचं भिरभिरं सरळ केलं आणि पुन्हा चित्रण केलं. ४५ आणि २५. सत्तरच.

"वारा वाढलाय. तुझ्या तिरकेपणाचं त्यात काही नाही."

आमच्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट तिने वाळूत बसून दहा मिनिटांत हुडकली. एक-दोन टक्क्यांचा फायदा शोधायचा आणि वारा स्वतः दर मिनिटाला वीस टक्क्यांनी इकडे-तिकडे होतो. काल तिरकी होती, आज सरळ आहे, अशी तुलना करून हाती काही लागत नाही. म्हणून खऱ्या प्रकल्पात हे आलटून-पालटून करतात: काही वेळ तिरकेपणा चालू, काही वेळ बंद, पुन्हा चालू, असं महिनोन्‌महिने. मग सारख्या वेगाच्या, सारख्या दिशेच्या, हवेच्या सारख्या स्थितीच्या नोंदी वेगळ्या काढायच्या आणि त्यांचीच तुलना करायची. शेजारी हात न लावलेल्या एक-दोन चक्क्या साक्षीला ठेवायच्या. इतकं केल्यावर लाखभर ओळींतून जे उरतं ते कधी कधी पानभरसुद्धा नसतं.

ताईने वहीत दोन रकाने आखले. "सरळ" आणि "तिरकं". संध्याकाळी धुक्यातच, मिनिटामिनिटाने आलटत, वीस जोड्या भरल्या. बोटं गारठली. बेरीज केली तर तिरक्याच्या बाजूला दोन फेऱ्या जास्त.

"यावरून काहीही म्हणता येत नाही," तिने जाहीर केलं आणि वही मिटली.

दिवस पाचवा : ब्लोवनचं दीपगृह

रात्रीत वारा पश्चिमेकडे फिरला आणि सकाळी क्षितिज घासून पुसून ठेवल्यासारखं होतं. १९०० सालचं ३९ मीटरचं दीपगृह चढून गेलो. ताई मधे दोनदा थांबली, वर पोचल्यावर तिसऱ्यांदा, पण ते चक्क्या बघून.

हॉर्न्स रेव्ह १ हे २००२ सालचं. ऐंशी चक्क्या, आठ रांगा, प्रत्येक रांगेत पूर्व-पश्चिम दहा. वारा नेमका पश्चिमेचा असला की दहाच्या दहा एकीमागे एक. अशा वाऱ्यातली इथली मोजमापं खूप अभ्यासली गेली आहेत, आणि त्यांत एक गोष्ट मला सुरुवातीला अजिबात कळली नव्हती. मोठी घसरण पहिल्या आणि दुसऱ्या चक्कीमध्ये होते. त्यानंतर तिसरी, चौथी, अगदी दहावीपर्यंत उतार फार सौम्य. उष्ट्याचं उष्टं होत होत दहाव्या चक्कीला काहीच उरू नये, असं वाटतं ना? पण घुसळण वाढते तशी वरून ताजा, वेगवान वारा खाली ओढला जातो. मोठ्या प्रकल्पाच्या आतल्या चक्क्या पुढून मिळणाऱ्या वाऱ्यापेक्षा वरून पाझरणाऱ्या वाऱ्यावर जगतात. तरी समुद्रातल्या मोठ्या प्रकल्पांत वेकमुळे वर्षाला साधारण दहा ते वीस टक्के वीज जाते.

शिवाय वेक एका प्रकल्पाची हद्द मानत नाही. इथं पलीकडे २००९ चं हॉर्न्स रेव्ह २ आहे, २०१९ चं हॉर्न्स रेव्ह ३ आहे. उपग्रहाच्या रडार चित्रांत अशा प्रकल्पांमागे दहा-वीस किलोमीटर आणि जास्तही लांब मंद वाऱ्याचे पट्टे दिसतात. २०१९ साली ऑर्स्टेड कंपनीने जाहीर केलं की आपण वेक आणि अख्ख्या प्रकल्पामुळे वाऱ्याला पुढूनच होणारा अडथळा, दोन्ही कमी धरले होते, आणि विजेचे अंदाज खाली आणले. समुद्रात सगळ्यात जास्त अनुभव असलेल्यांची ही गोष्ट.

गॅलरीत वारा इतका होता की ताईने टोपी हातात धरली. "आज तिरकं करायची गरज आहे का?" तिने विचारलं, आणि बरोबर विचारलं. जोराचा वारा असला की चक्कीला तिची पूर्ण क्षमता उष्ट्या वाऱ्यातही मिळते. वाकायला अर्थ असतो तो मधल्या वाऱ्यात, आणि त्यातही रात्री. दिवसा जमीन तापते, हवा वर-खाली होते, वेक लवकर विरतो. रात्री हवा थराथरांनी निजते आणि वेक दोरीसारखा लांब राहतो.

ज्यांनी हे खरंच करून पाहिलं त्यांचे आकडे तिला सांगितले. चीनमध्ये जिआंगसूच्या किनाऱ्याजवळ २०१७ साली समुद्रातला असा पहिला प्रयोग प्रसिद्ध झाला. कॅनडात आल्बर्टामध्ये एका ओळीतल्या सहा चक्क्यांवर, ओळीच्या दिशेने वारा असताना, सरासरी वेगाला ७ ते १३ टक्के जास्त वीज मिळाली, आणि रात्रीच्या मंद वाऱ्यात २८ ते ४७ टक्के. हा निकाल २०१९ चा. वर्तमानपत्रांनी उचलला तो अर्थातच दुसरा आकडा. तो फक्त त्या दिशेचा, त्या वेगाचा, आणि मंद वाऱ्यात मुळात वीजच थोडी असते, हे मागे पडलं.

मला जास्त विश्वासाचा वाटतो तो २०२२ चा. एमआयटीचे मायकेल हाउलंड, कॅलटेकचे जॉन दाबिरी आणि सहकाऱ्यांनी वायव्य भारतातल्या एका चालू प्रकल्पावर केलेला. आधी एका चक्कीला मुद्दाम वेगवेगळ्या कोनांत उभी करून गणिताने सांगितलेला उत्तम कोन खरा निघतो का हे तपासलं, मगच ताबा गणिताकडे दिला. वारा बदलला की बसवायचे कोन आधीच काढून ठेवलेले. नवीन लोखंड शून्य, फक्त चक्कीला काय सांगायचं ते बदललं. निकाल: एकूण १.२ टक्के, आणि सेकंदाला ६ ते ८ मीटरच्या वाऱ्यात ३ टक्के.

"एवढंच?"

एवढंच. पण ताई, हे एक टक्का फुकट आहे, आणि वीस वर्षं रोज आहे.

पूर्ण फुकट नाही, हेही सांगायला हवं. तिरक्या पात्यांवर प्रत्येक फेरीत ताण कमी-जास्त होतो. आणि वेक अर्धवट सरकला, म्हणजे मागच्या रोटरचा अर्धा भाग ताज्या वाऱ्यात आणि अर्धा उष्ट्यात आला, तर मागचीची हाडं जास्त खिळखिळी होतात. यंत्राच्या हमीत हे कुठं बसतं, यावर महिने जातात.

मग तिला माझी फजिती सांगितली. एका प्रकल्पावर आम्ही हा प्रयोग लावला होता. दुसऱ्याच दिवशी कंट्रोल रूममधून फोन: "साहेब, चार नंबर वाकडी उभी आहे, सरळ करून टाकली." चार नंबर वाकडी असायलाच हवी होती. तो अलार्म बंद करायला आठवडा गेला. पुढे सहा आठवडे सगळं नीट चाललं आणि आकडे आले ते तोट्याचे. पुन्हा पुन्हा तपासलं. शेवटी एक तंत्रज्ञ वर चढला आणि त्याने दूरच्या एका मनोऱ्यावर नेम धरून नॅसेलची दिशा पडताळली. चार नंबरच्या मते जी उत्तर होती ती खऱ्या उत्तरेपासून अकरा अंश सरकलेली होती. कधीतरी दुरुस्तीनंतर कुणी ती पुन्हा लावलीच नव्हती. एकट्याने चालताना चक्कीला खरी उत्तर लागतच नाही, वातकुक्कुट दाखवेल तिकडे तोंड केलं की झालं. चारचौघींशी जमवून घ्यायचं म्हटल्यावर सगळ्यांची उत्तर एक लागते. आम्ही सहा आठवडे वेक बाजूला करण्याऐवजी नेमका मागचीच्या तोंडावर मारत होतो.

ताई इतकी हसली की शेजारचे पर्यटक वळून बघायला लागले.

दिवस सहावा : ट्विन, ओस्टरिल

उत्तरेला गाडीने जाताना वाटेत उल्फबोर्गजवळ ट्विनची चक्की आहे. शिक्षक, विद्यार्थी आणि स्वयंसेवकांनी मिळून बांधली आणि मार्च १९७८ मध्ये सुरू केली. रोटर ५४ मीटर, त्या काळात जगात मोठाच. याचा रोटर खांबाच्या पाठीमागे आहे, वारा आधी खांबावर येतो. म्हणजे प्रत्येक पातं फेरीत एकदा स्वतःच्याच खांबाच्या उष्ट्यातून जातं. ताईने गाडी थांबवायला लावली, दोन मिनिटं बघितलं आणि "हिला कुणाकडे तक्रार करायची सोयच नाही" म्हणून परत बसली.

ओस्टरिल हे २०१२ साली सुरू झालेलं राष्ट्रीय चाचणी केंद्र. जगातल्या प्रचंड चक्क्यांचे पहिले नमुने इथं उभे राहतात, एका उत्तर-दक्षिण ओळीत, आणि प्रत्येकीच्या पश्चिमेला मोजमापाचा स्वतंत्र मनोरा. आडव्या पश्चिम वाऱ्याला प्रत्येकीचं ताट वेगळं. नवी चक्की किती वीज देते हे ठरवायचं तर तिच्यावर कुणाचीच सावली नको, म्हणून ही मांडणी. पहिल्या दिवशीची मिडलग्रुंडेनची ओळही अशीच होती, पण तिथं जागा अपुरी होती आणि इथं ऐसपैस आहे. ताईने विचारलं की या चक्क्या पुढे समुद्रात कशा उभ्या राहतात. एकीमागे एक, मी म्हटलं. इथं दिलेलं प्रमाणपत्र ताज्या वाऱ्याचं, जन्म काढायचा उष्ट्यात.

वाहनतळाच्या कडेला गवत होतं आणि वारा होता. मी घड्याळ दाखवलं, परतीची गाडी चुकेल म्हटलं. तिने पिशवीतून भिरभिरी काढली. एकाची पाकळी दबली होती, ती बोटाने सारखी केली. टाचणी पुन्हा टोचली, तीन विती मोजल्या आणि माझ्या हातात मोबाइल दिला.

"एकविसावी जोडी. सरळ आधी," ती म्हणाली. "आणि या वेळी वाऱ्याची दिशाही लिहीत जा. परवा लिहिली नाहीस."